सात आठे छप्पन्न

मुलुंड (पूर्व),
१६ जून १९८५

ती. वन्सं यांस सुहासिनीचा सा. न.

आम्ही तिघी सुखरूप पोहोचलो. फणसाच्या साटांची पिशवी मिनूने देवरुखपासून मांडीवर घेतली होती आणि पनवेल येईपर्यंत ती अर्धी झाली. पुढे तिच्या पोटाचं काय झालं ते लिहीत नाही.

आता मुद्द्याचं. एस.टी. निघता निघता तुम्ही खिडकीतून म्हणालात, क्षमाला माझ्याकडे ठेव, तुला दोघी झेपायच्या नाहीत. गाडी सुटली म्हणून मी उत्तर दिलं नाही असं समजू नका. गाडी उभी असती तरी दिलं नसतं, कारण माझ्या तोंडातून काय निघालं असतं त्याचा नेम नव्हता. आता डोकं शांत आहे. माझं उत्तर नाही असं आहे.

रागावू नका, पण माझं कसं चालतं ते एकदा ऐका. तुमचे भाऊ चंद्रपूरला बदलीवर गेल्याला दोन वर्षं होत आली. माझी टेलिफोन एक्स्चेंजमधली ड्यूटी एक आठवडा सकाळची, एक आठवडा दुपारची. सकाळच्या आठवड्यात मुली शाळेतून येतात आणि मागोमाग मी. दुपारच्या आठवड्यात मी शाळेच्या फाटकावर दोघींना गाठते, क्षमाच्या गळ्यात किल्ली घालते आणि तशीच स्टेशनकडे सुटते. ताटं वाढून झाकलेली असतात. समोरच्या शेवंतीकाकूंचं दार दिवसभर उघडं असतं, मुली अभ्यासाला तिथेच जाऊन बसतात. काकूंना ऐकू कमी येतं पण नजर घारीची आहे. रात्री मी घरी येते तेव्हा दप्तरं भरलेली असतात आणि मिनू झोपलेली असते. क्षमा जागी राहते. मी आल्याशिवाय ती जेवत नाही, तेवढं मला लागतं, खोटं कशाला सांगू.

पण चालतंय ना? त्यांची बदली झाली तेव्हा आमच्या सुपरवायझर नलिनी कामत मॅडमनी मला विचारलं होतं, मुलींचं काय करणार? मी म्हटलं, मुलींपायी माझी एकही ड्यूटी चुकणार नाही आणि मला घरून एकही फोन येणार नाही. ते मी पाळलंय. बाकीच्या जणींना घरून सारखे फोन, कुकरच्या किती शिट्ट्या करू आणि बाळ रडतंय. मी ट्रंकच्या बोर्डावर बसून परगावचे कॉल जोडते, तिथून मला ते दिसतं आणि मी बोलूनही दाखवते. त्यांना राग येतो. येऊ दे.

दोघी माझ्या आहेत आणि दोघी माझ्याजवळच वाढतील. आमसुलं फार छान निघाली.

आपली,
सुहासिनी

---

देवरुख,
२९ जून १९८५

चि. सौ. सुहासिनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. 'नाही' समजलं. मास्तरीण होते, नाही कळायला मला दोनदा सांगावं लागत नाही.

पण एक गैरसमज काढून टाक. तू नोकरी करतेस म्हणून मी नावं ठेवते असं तुला वाटतं. अगं, मी काय केलं जन्मभर? हे गेले तेव्हा मी ऐन तिशीत होते, सासरचे म्हणाले घरी बस, मी नाही बसले. शाळेतून येऊन स्वतःच्या घराचं कुलूप स्वतः काढायचं, आतला अंधार बघायचा आणि मग दिवा लावायचा. ते मला रोज नकोसं वाटायचं आणि मी चांगली मोठी बाई होते. तुझ्या पोरीच्या गळ्यात ती किल्ली बघून मला तोच अंधार आठवला. ती मे महिन्यात इथेसुद्धा गळ्यात घालून हिंडत होती, तुझ्या लक्षात आलं का?

इथे शाळा हाकेच्या अंतरावर. घरात मी आहे. तिला माझा लळा आहे. पुस्तक वाचून दाखवते, सुईत दोरा ओवून देते, तिच्या हाताची मला सवय झाली होती.

घाई नाही. दिवाळीपर्यंत थांबते. चंद्रपूरला नंदूला मी लिहिणार आहे, तुझ्यामागून लिहिलं असं नको म्हणून तुला कळवते.

रत्नप्रभा

---

मुलुंड,
२१ जुलै १९८५

प्रिय आत्या,
शि. सा. न. हे पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे. आईला सांगू नकोस. माझी शप्पथ.

शेवंतीआजीकडे फोन आहे. राजारामकाका म्हणजे तिचा मुलगा, त्याने डायलला छोटं कुलूप लावलंय, कारण बिल्डिंगमधले लोक येऊन फुकट फोन करायचे. पण आईने एकदा जेवताना चमचा ताटावर वाजवून दाखवलं होतं की डायल फिरवली की आत टकटक होते, एकाला एक, दोनाला दोन. मग रिसीव्हर जिथे ठेवतात ते बटण तसंच दाबलं तर? शाळा सुरू झाली त्या आठवड्यात मिनू आमच्या बाथरूममध्ये कडी लावून अडकली. ती रडत होती आणि आजीला ऐकू येईना. मी पळत जाऊन फोनवर टकटक केलं. चौकशीचा नंबर लावला कारण तो आईच्याच ऑफिसात लागतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. आत्या, लागला!

मी म्हटलं, मला आई हवी. त्या बाई म्हणाल्या, कोणाची आई बाळ? मी आईचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, ती ट्रंकच्या हॉलमध्ये आहे, तिला उठता येत नाही, काय झालं ते मला सांग. मग त्यांनी सांगितलं की दार बाहेरून आपल्याकडे ओढून धर आणि मिनूला म्हण, आता कडी वर कर. निघाली.

तेव्हापासून दुपारच्या ड्यूटीच्या आठवड्यात मी रोज फोन करते. रोज वेगळ्या बाई असतात पण सगळ्यांना आम्ही माहीत आहोत. त्या विचारतात, जेवलात का, गॅस बंद आहे का, हातपाय धुतले का. मिनू पाढे म्हणते. मध्ये लोकांचे फोन आले की त्या म्हणतात, होल्ड करा. एक गोष्टपण आहे, कोल्ह्याची. पण बाई बदलल्या की गोष्ट बदलते. सोमवारी कोल्हा मेला होता आणि मंगळवारी त्याचं लग्न झालं.

त्या म्हणाल्या, आईला सांगू नका हं, ती आम्हाला ओरडेल.

आत्या, तुझं अक्षर एवढं मोठं का झालंय? एका ओळीत चारच शब्द बसतात.

तुझी,
क्षमा

---

(पोस्टकार्ड)
देवरुख, २ ऑगस्ट १९८५

चि. क्षमास आशीर्वाद. पत्र मिळालं. तू म्हणतेस तसंच करीन. लग्न झाल्यावर कोल्ह्याचं काय झालं ते जरूर कळव. मिनूचा सातचा पाढा कच्चा आहे, मे महिन्यात पाहिलं, सात आठेला अडखळते. तो पक्का करून घे. माझ्या अक्षराचं म्हणशील तर म्हातारपणी माणसाने ऐसपैस लिहावं.
आत्या

---

मुलुंड,
८ सप्टेंबर १९८५

ती. वन्सं यांस सा. न.

गणपतीला येता येणार नाही. रजा शिल्लक नाही, मिनूच्या कांजिण्यांत सगळी गेली. तिच्या झाल्या आणि मग क्षमाच्या, एकदम झाल्या असत्या तर बरं झालं असतं. दोघींना कडुलिंबाच्या पाल्यावर निजवून मी शेजारी बसून राहिले. त्यात मिनूने कात्री घेऊन स्वतःचे पुढचे केस कापले. आता ती भांडी घासायच्या ब्रशसारखी दिसते आणि आरशासमोरून हलत नाही.

तुमचं क्षमाला आलेलं पोस्टकार्ड वाचलं. कोल्हा कुठला म्हणून विचारलं तर दोघी एकमेकींकडे बघून फिदीफिदी हसल्या. शाळेतली गोष्ट आहे म्हणे.

वन्सं, एक विचारू? तुम्ही हल्ली एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिता, वाचताना कुणी अंगावर ओरडल्यासारखं वाटतं. माझ्यावर इतक्या रागावला आहात का? नाही म्हटलं ते मी उद्धटपणाने नाही म्हटलं.

वाईट दिवस येतात, मान्य आहे. परवा रात्री मी आले तर मिनू झोपेत म्हणाली, होल्ड करा. माझंच बोलणं पोरीच्या झोपेत शिरलं, असं वाटून मी ओट्याशी उभी राहून रडले. पण सकाळी उठून डबे भरले. मी हार मानणारी नाही. कुणाच्या मदतीशिवाय, कुणाचे उपकार न घेता दोन वर्षं मी हे घर रेटलंय आणि माझ्या मुली एकट्या राहून शहाण्या झाल्यात. ते तुम्ही एकदा मान्य करावं एवढीच इच्छा आहे.

गौरींची ओटी माझ्या वतीने कुणाकडून भरून घ्या.

सुहासिनी

---

देवरुख,
२९ सप्टेंबर १९८५

चि. सौ. सुहासिनीस आशीर्वाद.

गौरींची ओटी तुझ्या नावाने शेजारणीकडून भरून घेतली. हिरवं खणाचं कापड ठेवलंय.

नंदू गणपतीला येऊन गेला. त्याच्याशी सगळं बोलले. क्षमाने दुसऱ्या सत्रापासून इथे राहावं याला त्याने हो म्हटलं आहे. परत जाताना एक दिवस मुलुंडला उतरणार होता, तुला सांगितलं असेलच. पाडव्याला मी येते आणि भाऊबीज झाली की तिला घेऊन जाते. शाळेत बोलून ठेवलं आहे.

तू लिहितेस, कुणाच्या मदतीशिवाय. बरं. मी काही बोलत नाही. मला बोलता येण्यासारखं खूप आहे पण मी बोलणार नाही, का ते विचारू नको.

अक्षराचं मनावर घेऊ नको. राग असता तर मी बारीक अक्षरांत आणि पुष्कळ लिहिलं असतं.

रत्नप्रभा

---

मुलुंड,
१६ ऑक्टोबर १९८५

ती. वन्सं यांस सा. न.

तुमच्या भावाने मला काही सांगितलं नव्हतं. येऊन बटाटेवडे खाल्ले, मुलींना फिरवून आणलं आणि गेले. तुमच्या पत्रातून मला कळलं की माझी मुलगी जाणार आहे. मी त्यांना लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. उत्तर आलंय, तुम्ही दोघी ठरवा म्हणतात. पुरुषांचं हे एक बरं असतं.

तुमच्या त्या पत्राच्या उत्तराला मी बसले होते आणि मोठ्या तोऱ्यात लिहिणार होते. तेवढ्यात माझीच वाट लागली. काय झालं ते नीट सांगते.

गेल्या बुधवारी मला नलिनी मॅडमनी बोर्डावरून उठवून केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या टेबलावर कुठल्याही ऑपरेटरचं बोलणं ऐकायची सोय आहे. त्या म्हणाल्या, ही मिनू कोण? मी म्हटलं, माझी धाकटी, पण ती घरी आहे. 'घरीच आहे,' त्या म्हणाल्या, 'आणि घरून आमची चौकशीची लाइन अडवून बसली आहे. शाळा सुरू झाल्यापासून.'

मग मला सगळं समजलं. टकटक, बाथरूमची कडी, पाढे, कोल्हा. मॅडम त्या दिवशी सहज कानाला लावून ऐकत होत्या. मिनू म्हणाली, सात आठे चौपन्न. चौकशीवरची बाई दुसऱ्या कॉलच्या गडबडीत होती, तिने म्हटलं, शाब्बास, पुढे. मॅडमना राहवलं नाही. त्या मधेच बोलल्या, 'छप्पन्न. पुन्हा म्हण.' तिकडे मिनूने फोन टाकला आणि इकडे चौकशीच्या पोरींना कळलं, आपण पकडल्या गेलो.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडममुळे नव्हे हो, त्या पोरींमुळे. मी बाहेर येऊन विचारलं, मला एकीनेही का नाही सांगितलं? मग त्यातली सगळ्यात लहान म्हणाली, 'आम्ही मॅडमना घाबरत नव्हतो. तुम्हाला घाबरत होतो.' ज्यांच्या कुकरच्या शिट्ट्यांवरून मी टोमणे मारले, त्या माझ्या मुलींना जेवलात का विचारत होत्या. आणि मी तुम्हाला लिहीत होते, कुणाचे उपकार न घेता. वन्सं, मला लाज वाटते.

पण रडत बसले नाही. परत केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, मेमो माझ्या एकटीच्या नावावर द्या, मुलगी माझी आहे. मॅडमनी दिला. चांगल्या आहेत पण मेमो दिलाच. मी सही केली आणि तिथेच म्हटलं, आता आणखी एक. मुली मोठ्या होईपर्यंत मला कायमची सकाळची ड्यूटी हवी. मला वाटलं, बाई आता उखडणार. त्या चष्मा काढून म्हणाल्या, 'दोन वर्षांत आज पहिल्यांदा मागतेयस. न मागता कशी देणार होते, मी काय ज्योतिषी आहे?'

दिवाळीनंतर सकाळची मिळाली. इतके दिवस माझ्या सकाळच्या आठवड्यात क्षमाच दोघींचं उरकायची, पण आता रोज पहाटे मला अंधारात निघावं लागेल, तेव्हा मुलींच्या वेण्या आणि शाळेची पाठवणी शेवंतीकाकू करतील. तेही मी जाऊन मागितलं, त्यांच्या कानाशी ओरडून, त्यामुळे सगळ्या बिल्डिंगने ऐकलं. राजारामने डायलचं कुलूप स्वतःच काढून टाकलं. म्हणाला, क्षमापुढे कुलपाचा उपयोग नाही.

आता क्षमाचं. तिला समोर बसवून विचारलं, तुला आत्याकडे राहायचंय का? ती म्हणाली, मी गेले तर मिनूला पाढे कोण शिकवणार? मग म्हणाली, पण आई, आत्याला दिसत नाही, डोळ्यांत थेंब घालते तरी. मे महिन्यात ती चहात साखरेऐवजी मीठ घालायची आणि कुणाला कळू नये म्हणून तसाच प्यायची. तिने हे कोणाला सांगू नको म्हणून सांगितलं होतं.

तुमच्या अक्षराचं मला तेव्हा कळलं. मी त्यात राग वाचत बसले.

वन्सं, क्षमा माझ्याजवळ राहील. हे मी दुसऱ्यांदा लिहितेय आणि तिसऱ्यांदा लिहायची वेळ आणू नका. पण मला जे मागायला इतके दिवस लागले ते तुम्हालाही मागता येत नाही, एवढं आता मला दिसतं. थंडीत इथे या. मोतीबिंदूच असणार, डोळ्याचं ऑपरेशन करू. दुपारी मी घरी असेन. कुलूप तुम्हाला काढावं लागणार नाही.

सुहासिनी

---

देवरुख,
८ नोव्हेंबर १९८५

चि. सौ. सुहासिनीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र शेजारची पोर लिहितेय, मी सांगतेय. म्हणजे लपवायचं काही उरलं नाही.

तुझ्या पत्राला मी उत्तर देणार नव्हते. आठ दिवस फुरंगटून बसले होते. मीठ घातलेल्या चहाचं त्या कार्टीने सांगितलंच. मी मात्र तिचं गुपित जुलैपासून पोटात ठेवलं होतं. तू 'कुणाच्या मदतीशिवाय' लिहिलंस तेव्हा एका ओळीत तुला गप्प करता आलं असतं. नंदूला सांगितलं असतं तर त्याने क्षमाला त्याच दिवशी माझ्याकडे आणून सोडली असती. नाही सांगितलं. ती आली असती खरी, पण तिने मला पुन्हा काही सांगितलं नसतं.

परवा सकाळी शिवदास पोस्टमन धावत आला. म्हणाला, बाई चला, मुंबईचा ट्रंक कॉल आहे. आमच्याकडे ट्रंक कॉल कशाला येतो ते तुला ठाऊक आहे. मी पायांत काही न घालता निघाले. नंदूचं नाव घेत निघाले, तुला न सांगता गेला म्हणून त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या त्या सगळ्या परत घेतल्या. आळीतल्या बायका मागून आल्या. एकीने तर घरात जाऊन माझी चूल विझवली, कोणी गेलंच असं धरून.

पोस्टात रिसीव्हर कानाला लावला तर एक बाई गोड आवाजात म्हणाली, रत्नप्रभाबाई का? कोल्ह्याच्या आत्या ना? होल्ड करा हं, पैसे भरून रीतसर कॉल आहे, काळजी नको.

मग क्षमा आली. मी ओरडले, कोण गेलं? ती म्हणाली, कोणी नाही गं. आणि एका दमात विचारायला लागली, आत्या, जेवलीस का? गॅस बंद केलास का? डोळ्यांत थेंब घातलेस का? हातपाय धुतलेस?

सुहासिनी, हे गेल्यापासून मला हे कुणी विचारलेलं नाही. जन्मभर मीच विचारत आले, दुसऱ्यांच्या पोरांना. चुलीवर जेवण करणाऱ्या बाईने गॅस बंद केलाय म्हणून सांगितलं. ती म्हणाली, बरं, आता पाढा म्हण. मी म्हटलं, कुठला? सातचा, ती म्हणाली.

तेव्हा मी म्हटला. भर पोस्टात, सगळ्या आळीसमोर, अनवाणी उभी राहून. ज्या पोस्टमास्तरला मी तोच पाढा छडी घेऊन शिकवला तो समोर बसून ऐकत होता. सात सक बेचाळीसपर्यंत ठीक गेलं. सात साते एकोणपन्नास म्हटलं. त्यापुढे जाता येईना.

आणि मागून कुठून तरी मिनू ओरडली, 'छप्पन्न! आत्या, छप्पन्न!'

शाळेत जाऊन क्षमाचं नाव काढायला सांगितलं. पाडव्याला येते; क्षमाला घेऊनच परतायचं असं मनात होतं, ते आता नाही. ऑपरेशन होईपर्यंत तिथेच राहीन. पाटा-वरवंटा आहे ना, का मी आणू?

रत्नप्रभा